अभ्यासिकेत शिकलेलं फ्रेमवर्क

कॉलनीतल्या सगळ्या पोरांना मी त्यांच्या लहानपणापासून ओळखत होतो आणि त्यातली बरीचशी मला घाबरून असायची. गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू आमच्या पत्र्यावर आला की तो परत मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे चाळिशीला टेकलेला मी त्याच पोरांच्या मांडीला मांडी लावून शिकायला बसलो, तेव्हा त्यांना किती आनंद झाला असेल ते मी समजू शकतो. पहिल्या दिवशी एकाने माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली. ती आदराने पुसली की चेष्टेने, हे मला अजून कळलेलं नाही.

झालं होतं असं, की सातपूरच्या ज्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो तो बंद पडला. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, आणि बंद पडला म्हणजे काही एका दिवसात नाही. आधी तिसरी पाळी गेली, मग दुसरी, मग कँटीन, आणि सगळ्यात शेवटी आम्ही. बी.कॉम. झालेला, स्टोअरच्या खिडकीमागे अर्धं आयुष्य काढलेला माणूस कुणाला हवा असतो? ओळखीचा एक ठेकेदार सिन्नरच्या वसाहतीत वॉचमन पुरवायचा. तो म्हणाला, ‘भाऊ, तुमच्यासाठी एक जागा धरून ठेवतो. दिवाळीपर्यंत सांगा.’ मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वॉचमनचं काम हलकं, असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. पण माल कुठे आहे, किती आहे, कुणी नेला हे सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. आता फाटकावर उभं राहून, आत काय चाललंय हे न कळता, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायचा, हे मला आतून खात होतं. दिवाळीपर्यंत दुसरं काही हाती लागलं नाही तर मात्र तेच करायचं, हेही ठरलेलं होतं.

आमच्या समोरच्या घरात एक फिटर राहायचे, माझ्याच कारखान्यातले. त्यांची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली होती आणि गंगापूर रोडला एका छोट्या कंपनीत वेबसाइटींचं काम करायची. ती रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी विहारामागच्या अभ्यासिकेत कॉलनीतल्या मुलांना वेबसाइटचे प्रोग्रॅम लिहायचं एक फ्रेमवर्क शिकवायची. वर्गणीतून घेतलेले दोन जुने कॉम्प्युटर होते, तिसरा तिने स्वतःचा आणून ठेवला होता, आणि त्यांवर आम्ही आळीपाळीने बसायचो. वर्ग फुकट होता, पण उशिरा येणाऱ्याला दार बंद. आमच्या घरून फर्मान निघालं, ‘अहो, तुम्ही स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसायचा ना? जाऊन तर बघा.’ स्टोअरमधला तो कॉम्प्युटर म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारं एक म्हातारं यंत्र होतं, पण बायकोशी वाद घालण्यापेक्षा अभ्यासिकेत जाऊन बसणं सोपं होतं.

त्या मुलीला मी फ्रॉकमध्ये पाहिलेली. रस्त्यात भेटली तर ‘काय गं, कुठे निघालीस?’ असंच विचारायचो. वर्गात मात्र पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून ‘मॅडम’ निघालं आणि ‘तुम्ही’ निघालं. तिने सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. ती मला काकाच म्हणत राहिली. वर्ग सुटला की फाटकाबाहेर मी पुन्हा ‘अगं’वर यायचो आणि तिलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे तिने कधीच सांगितलं नाही. मी वही-पेन घेऊन व्याख्या उतरवायच्या तयारीने गेलो होतो. तिने फळ्यावर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि म्हणाली, ‘टाइप करा. एकमेकांचं कॉपी करायचं नाही, हाताने टाइप करायचं.’ तो चालवला की पडद्यावर ‘नमस्कार’ यायचं, बाकी काही नाही. मला वाटलं, एवढ्यासाठी मी अंघोळ करून आलो! मग ती एकेकाच्या मागे आली आणि ज्याच्या त्याच्या प्रोग्रॅममधलं काहीतरी गुपचूप मोडून गेली. कुणाचा ओळीच्या शेवटचा सेमीकोलन काढला, कुणाच्या फाइलचं नाव बदललं. ‘आता चालवा.’ तिन्ही पडदे एररने भरले.

‘वाचा,’ ती मला म्हणाली. ‘मोठ्याने.’

माझं इंग्रजी चलनं आणि गेटपासपुरतं. त्यात आजूबाजूला पत्र्यावरच्या चेंडूवाली मंडळी. मी पुटपुटल्यासारखं वाचलं. ती म्हणाली, ‘काका, ती शिवी नाहीये. त्यात फाइलचं नाव आहे, ओळीचा नंबर आहे, काय सापडलं नाही तेही लिहिलंय. पोस्टमनला एवढा पूर्ण पत्ता कधी मिळत नाही.’ मी त्या ओळीवर गेलो. सेमीकोलन नव्हता. तो टाकला आणि ‘नमस्कार’ परत आला. खोटं कशाला बोलू, तो नमस्कार मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

हीच तिची रीत. आधी चालणारं उदाहरण, मग ते मोडायचं, मग दुरुस्त करायचं, आणि मगच त्यातला एखादा शब्द समजावून सांगायचा. आपण शिकलो ते सगळं नेमकं उलट्या क्रमाने, हे मला तेव्हा कळलं. कॉलेजात डबल एंट्रीची व्याख्या मला तोंडपाठ होती आणि नोंद करायला सांगितली की घाम फुटायचा. आमच्या प्राध्यापकांबद्दल माझ्या मनात थोडाबहुत आदर शिल्लक होता, तो त्या अभ्यासिकेत संपला.

हळूहळू फ्रेमवर्क कशासाठी असतं ते दिसायला लागलं. मधे मी अभ्यासिकेतच एका पुस्तकावरून साध्या पीएचपीमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या नुसत्या भाषेत, काहीबाही करून पाहिलं होतं. एकाच फाइलमध्ये फॉर्म, त्याच फाइलमध्ये डेटाबेसला विचारणं, त्यातच रंग आणि त्यातच हिशेब, म्हणजे एकाच पातेल्यात वरण, भात आणि खीर. फ्रेमवर्क ही कामं वेगळी करून देतं. माहिती सांभाळतो तो मॉडेल, ती पडद्यावर मांडतो तो व्ह्यू, आणि बाहेरून आलेली मागणी घेऊन कुणाकडे काय मागायचं हे ठरवतो तो कंट्रोलर. वाचायला सोपं वाटतं. मला ते समजलं ते लाइट गेल्यामुळे.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. सकाळच्या वर्गातच कधी लाइट जाई, आणि यूपीएस केलेलं काम सेव्ह करण्यापुरता दम धरी. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा पोरं दप्तरं उचलून उठली. तिने दार अडवलं. ‘बसा. आता आपणच फ्रेमवर्क.’ अभ्यासिकेच्या पुस्तकांच्या कपाटापुढे तिने एका मुलीला बसवलं, ती मॉडेल. फळ्याजवळ खडू घेऊन एक मुलगा, तो व्ह्यू. दाराशी एकजण, तो ब्राउझर, त्याने चिठ्ठीवर मागणी लिहून पाठवायची. आणि मधे मी, कंट्रोलर. पुस्तकं देण्याघेण्याचा जो प्रोग्रॅम आम्ही त्या आठवड्यात लिहीत होतो, तो असा माणसांनी चालवायचा.

पहिलीच चिठ्ठी आली, सामान्य ज्ञानाचं अमुक पुस्तक आहे का? मी ताबडतोब व्ह्यूला सांगितलं, ‘नाही, लिही.’

‘कंट्रोलरला हे कसं कळलं?’ तिने विचारलं.

‘आमच्या शेजारचा पोरगा घेऊन गेलाय. ओट्यावर वाचत बसलेला बघितला मी काल.’

‘कंट्रोलर बघत नाही, काका. विचारतो.’

‘मला माहितीये तर कशाला विचारू?’ माझा पारा चढला. इतकी वर्षं स्टोअर चालवलं ते रॅककडे न बघता कुठे काय आहे हे सांगता येण्याच्या जोरावर, आणि ही मला सांगणार! तेवढ्यात कपाटाजवळची मुलगी म्हणाली, ‘पुस्तक इथेच आहे. त्याने आज सकाळीच परत केलं.’ पोरं जी हसली ती हसलीच. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फक्त दाराशी बसलेल्या मुलाला दुसरी चिठ्ठी लिहायला सांगितली. त्या चिठ्ठीला मी मुकाट्याने मागे वळून मॉडेलला विचारलं. आपल्याकडे सगळी कामं कोण कुठे आहे हे माहीत असण्यावर चालतात, खिडकीतून मागण्यापेक्षा मागच्या दाराने आत जाणं आपल्याला जवळचं वाटतं. त्या सवयीचा माणूस फ्रेमवर्कमध्ये कसा अडखळतो, हे तिने मला एका चिठ्ठीत दाखवून दिलं. पुढे लाइट गेली की पोरं आपणहून जागा घ्यायला लागली, आणि कंट्रोलर व्हायला माझ्याशी भांडायला लागली.

पावसाळा संपत आला तेव्हा तिने सांगितलं, आता प्रत्येकाने स्वतःच्या घरातलं किंवा कामातलं उदाहरण घ्यायचं. एका मुलीने दुधाच्या रतिबाचा प्रोग्रॅम घेतला, एकाने त्याच्या मामाच्या मंडप-डेकोरेशनच्या सामानाचा. मी काय घेणार? स्टोअर. माल आला, माल दिला, शिल्लक किती. मी जीव ओतून लिहिलं. घरी कॉम्प्युटर नव्हता, तर कागदावर लिहून काढायचो आणि सकाळी येऊन टाइप करायचो. पडदाही देखणा झाला होता, आमच्या जुन्या स्टोअरच्या भिंतींसारखा फिकट निळा.

ती तपासायला बसली. दहा बेअरिंग आले, असं भरलं. तीन दिले. पडद्यावर शिल्लक आली पाच.

‘सात यायला हवेत,’ ती स्वतःशीच पुटपुटली आणि कामाला लागली. आधी तिला वाटलं, मी देतानाची नोंद दोनदा करतोय. ते ठीक होतं. मग तिने डेटाबेस उघडला, तिथे सातच होते. म्हणजे माहिती बरोबर आणि पडदा चूक. पोरं भोवती जमली. ती एकेक फाइल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती, ओठ हलत होते, कपाळावर आठी. कुणाच्याही प्रोग्रॅमचा तिने इतका पिच्छा पुरवलेला मी पाहिला नव्हता. मी शांत बसलो होतो, कारण माझ्या दृष्टीने प्रोग्रॅम बरोबरच चालला होता. ती कशाच्या मागे लागलीय हेच माझ्या ध्यानात येत नव्हतं.

शेवटी तिने बोट ठेवलं. ‘काका, हे दोन वजा कशासाठी?’

‘ते होय? बाजूला ठेवलेत.’

‘कुणी?’

‘स्टोअरकीपरने. ठेवावेच लागतात.’

मग मी तिला सांगितलं. कोणत्याही कारखान्यातला कुठलाही स्टोअरकीपर प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचे दोन नग मागच्या रॅकवर, कापडाखाली ठेवतोच. सात आहेत असं दाखवलं तर सातही घेऊन जातात. मग एक दिवस मशीन थांबतं, प्रॉडक्शन मॅनेजर धावत खिडकीशी येतो, आणि तेव्हा ‘संपले’ म्हणणाऱ्या स्टोअरकीपरचं काही खरं नसतं. तोच स्टोअरकीपर ‘थांबा, बघतो’ म्हणून आत गेला आणि एक काढून आणला, तर त्याला चहा मिळतो. हे मी कुणाकडून शिकलो नव्हतो आणि कुणाला शिकवलंही नव्हतं. शिल्लक दाखवताना दोन कमी दाखवायचे, हे माझ्या हातातच होतं, म्हणून ते बोटांतून प्रोग्रॅममध्ये उतरलं.

ती इतकी हसली की तिने चष्मा काढून डोळे पुसले. पोरांनी तर टेबलं बडवली. मला राग आला. मी उठायच्या बेतात होतो. पण डोळे पुसून झाल्यावर ती जे बोलली ते ऐकायला मी थांबलो, आणि बरं झालं थांबलो.

‘काका, दोन बाजूला ठेवणं चूक नाही. लपवणं चूक आहे. पडद्यावर खोटा आकडा कशाला? राखीव म्हणून वेगळा रकाना करा ना. सात आहेत, त्यातले दोन राखीव, पाच देता येतील. राखीव कुणी सोडायचे तेही लिहा.’ मग त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवून, ‘आणि वजाबाकी व्ह्यूमध्ये केलीत? ते तर त्याहून वाईट. व्ह्यूने फक्त दाखवायचं. असले नियम मॉडेलमध्ये जातात.’

दुसऱ्या दिवशी तिने माझी चूक फळ्यावर घेतली. चूक म्हणून नाही, नवं उदाहरण म्हणून. ‘राखीव साठा’ असं वर लिहून सगळ्या वर्गाकडून तो नियम मॉडेलमध्ये लिहून घेतला. रतिबवालीने दोन लिटर राखीव ठेवलं, मंडपवाल्याने चार खुर्च्या. माझ्या कारकिर्दीतली जी गोष्ट मी साहेबांपासून लपवत आलो होतो, ती त्या पोरीने धडा करून टाकली आणि त्यात माझा मानही ठेवला. मी बरेच साहेब पाहिले. चुका काढणारे होते, पोटात घालणारे होते, एखादा तर चुका जपून ठेवून वर्षाच्या शेवटी काढणारा होता. माणसाच्या चुकीतून त्याचंच शहाणपण शोधून त्याच्या हाती परत देणारं माणूस मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मला ती फार मोठी वाटली. तसं मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, आमच्या पिढीला ते जमत नाही.

दिवाळी जवळ आली. एक दिवस वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, सातपूरला एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, वर्कशॉपवाल्यांसाठी स्टॉकचे प्रोग्रॅम करते, हेच फ्रेमवर्क वापरते. त्यांना माणूस हवाय. पेपरात जाहिरात आहे.

‘मग टाक ना शब्द माझ्यासाठी,’ मी म्हणालो. फाटकाबाहेर होतो, म्हणून ‘टाक’.

‘नाही टाकणार,’ ती म्हणाली. ‘मी शब्द टाकला तर ते तुम्हाला घेतील आणि मग कायम माझ्या ओळखीचे म्हणूनच बघतील. तुम्ही अर्ज करा. ते प्रॅक्टिकल घेतात.’

मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. आयुष्यभर लोकांनी मला शब्द टाकायला सांगितलं आणि मी टाकला. पहिल्यांदा मी मागितला तर ही असं म्हणते! अर्ज मात्र केला.

प्रॅक्टिकलला त्यांनी मला एक बिघडलेला प्रोग्रॅम दिला. तीन गोष्टी चालत नाहीत, म्हणाले, शोधा आणि दुरुस्त करा. मी चालवला, एरर आला, आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागलो. पलीकडच्या टेबलावरची दोघं वळून बघायला लागली, तेव्हा आवाज खाली घेतला. पहिली चूक लगेच सापडली. दुसरीत कुणीतरी व्ह्यूमध्ये हिशेब करून ठेवला होता. ते पाहून मला हसू आलं, आणि माझा परीक्षक, एक तिशीतला गृहस्थ, का हसता म्हणून मला विचारू लागला. मी सांगितलं, हे मीही केलंय. तिसरी काही केल्या सापडेना. वेळ संपला तेव्हा मी सांगितलं, ‘तिसरी सापडली नाही. या फाइलपर्यंत आलोय. चूक याच्या पुढे असणार, इथपर्यंत सगळं ठीक आहे.’ त्याने मान डोलावली आणि आतल्या खोलीत गेला. परत आला तो सोमवारपासून या म्हणून सांगायलाच. पगार स्टोअरपेक्षा कमी होता. मला तो कमी वाटला नाही.

बाहेर आलो आणि पहिलं आठवलं ते सिन्नर. ठेकेदाराने जागा धरून ठेवली होती, त्याला तोंडावर जाऊन नाही म्हणणं योग्य, म्हणून घरी न जाता तसाच एसटीत बसलो. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. इतके महिने माणसाला लटकवून ठेवून आता नाही म्हणायचं, वाईट वाटत होतं. तो स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होता. मी आडवळणाने सुरुवात केली, तर त्याने कप खाली ठेवला.

‘आवो भाऊ, ती जागा आता कुठं हाय? वहिनी गणपतीच्या टायमालाच सांगून गेल्या ना, आमच्या ह्यांना नाय जमणार म्हणून. त्याच दिवशी दुसरा गडी ठेवला म्या.’

घरी आलो तेव्हा बायको भाकऱ्या थापत होती. आधी नोकरीचं सांगितलं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि पदराने डोळे टिपले. मग मी विचारलं, ‘तू सिन्नरला गेली होतीस?’

‘गेले होते.’

‘आणि मला यांनी घेतलंच नसतं तर?’

‘तर आणखी शिकला असता. दोन्हीकडे पाय ठेवून शिकत होता तुम्ही, ते मला दिसत होतं.’

‘एकटी गेलीस एवढ्या लांब?’

‘एकटी कशाला? तुमच्या मॅडमना घेऊन गेले. रविवार होता.’

मी मोरीवर हात धुवायला गेलो आणि पाणी वाहतं ठेवून तसाच उभा राहिलो. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी, फाटकाबाहेर, माझा उतरलेला चेहरा पाहून, पडद्यावर खोटा आकडा कशाला असं विचारणारी हीच पोरगी मला म्हणाली होती, ‘काका, टेन्शन घेऊ नका. नाहीच जमलं, तर सिन्नर आहेच.’